दोनशे अक्षरांची चौकट

अर्जाच्या सातव्या पानावर तो प्रश्न आला. यापूर्वी कोणत्याही देशाने तुम्हाला व्हिसा नाकारला आहे का? खाली दोन छोटी वर्तुळं, हो आणि नाही. रात्रीचे पावणेबारा वाजले होते. तोपर्यंत सगळं भराभर चाललं होतं. नाव, आडनाव, पासपोर्ट नंबर, मुदत संपण्याची तारीख, आईवडिलांची नावं, नोकरीचा पत्ता. धाकटी बहीण व्हिडिओ कॉलवर होती आणि माझा स्क्रीन तिला दिसत होता. आम्ही दोघीच अशा पहिल्यांदा परदेशी निघालो होतो, दहा दिवसांसाठी. एका अर्जात दोन प्रवासी भरायची सोय असल्यामुळे दोघींचा फॉर्म मीच भरत होते. तिचं सातवं पान आधी झालं होतं. तिथे तिला न विचारताच मी 'नाही'वर क्लिक करून पुढे गेले होते. माझ्या पानावर मात्र बोट थांबलं.

"ताई, 'नाही' कर ना," ती म्हणाली. "अकरा वर्षं झाली त्याला. आणि तो देशच वेगळा होता."

मी 'हो' केलं. त्याबरोबर पान खालच्या बाजूने लांबलं आणि मघाशी नव्हती अशी एक पांढरी चौकट उघडली. तपशील लिहा, कमाल २०० अक्षरे. चौकटीच्या कोपऱ्यात एक आकडा होता आणि मी एकेक अक्षर टाइप केलं की तो एकेकाने उतरत होता. मी काहीतरी लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. बहीण काही बोलली नाही. मग स्क्रीनवर पिवळी पट्टी आली, बराच वेळ काही हालचाल नसल्याने दोन मिनिटांत लॉगआउट होईल म्हणून. मी त्या पट्टीकडे बघत बसले आणि दोन मिनिटं संपली. परत अर्जाचा क्रमांक, पासवर्ड, चित्रातली वाकडी अक्षरं ओळखून लिहिणं, आणि सातवं पान पुन्हा कोरं. त्या रात्री मला 'हो' दोनदा म्हणावं लागलं.

२०१४ साली बहीण परदेशात शिकत होती. तिचा पदवीदान समारंभ होता आणि आई आणि मी दोघी जाणार होतो. मी सव्वीस वर्षांची होते. आधीची नोकरी सोडली होती, नवी मिळायची होती, लग्न झालं नव्हतं आणि बँकेच्या खात्यात माझे म्हणावेत असे फार पैसे नव्हते. तेव्हाही फॉर्म ऑनलाइनच होता, पण पुढे मुलाखत होती. ती खिडकी मला अजून जशीच्या तशी आठवते. जाड काच, तिच्या तळाशी कागद सरकवण्यापुरती फट आणि आवाज पोचावा म्हणून बसवलेली छोटी जाळी. त्या जाळीच्या उंचीला तोंड नेण्यासाठी मला किंचित वाकावं लागत होतं, त्यामुळे मुलाखतीची ती तीन-चार मिनिटं मी अर्धवट वाकूनच उभी होते. आईची मुलाखत माझ्या आधी झाली. माझ्या वेळी काचेपलीकडच्या माणसाने विचारलं, काय करता? सध्या काही नाही, नोकरी शोधतेय. खर्च कोण करणार? आई. परत कधी येणार? मी तारीख सांगितली. तो बराच वेळ टाइप करत राहिला. माझ्या हातात फाइल होती, तिच्यात एकावर एक चौतीस कागद लावलेले होते, बोटाने वर केलेल्या घड्या आणि पेन्सिलीने घातलेले आकडे. ती फाइल त्याने मागितलीच नाही.

काही दिवसांनी दोन पाकिटं आली. दोन्ही सारखीच, प्लास्टिकची, चिकटवलेली. आईच्या पासपोर्टमध्ये एका पानभर स्टिकर होता, तिचा फोटो, खाली चमकणारी नक्षी. तो स्टिकर तिने बोटाने चाचपून पाहिला होता. माझ्या पासपोर्टमध्ये घडी घातलेला एक कागद होता. त्यावरचं वाक्य मला तोंडपाठ आहे, पण ते होतं तसं इथे लिहायचं नाही. अर्थ असा, की ठरलेल्या मुदतीत तुम्ही आमच्या देशातून परत जाल याबद्दल आमची खात्री पटलेली नाही.

ते वाचून आधी काय वाटलं असेल तर लाज. राग फार नंतर आला. कुणी चोरी केल्याचा आळ घ्यावा आणि आपण केलेली नसतानाही आपलेच हात पाठीमागे जावेत, तसं झालं. पुढे कित्येक दिवस नातेवाइकांना मी सांगत राहिले की ऐनवेळी नोकरीचं काम निघालं म्हणून मी जात नाहीये. नोकरी तर नव्हतीच.

आई एकटी गेली. तिला इंग्रजी जेमतेम यायचं, विमान बदलायचं होतं, आणि मी तिला एका कागदावर मोठ्या अक्षरात सगळं लिहून दिलं होतं. कुठल्या गेटला जायचं, पाटीवर काय लिहिलेलं असेल, कुणाला काय विचारायचं. विमानतळाच्या दारापाशी तिने मला जवळ घेतलं आणि म्हणाली, "तुझ्यासाठी फोटो काढून आणते." तिने आणलेही. मोबाइलवरून काढलेले, हललेले, कित्येकांत कुणाच्या तरी डोक्याची मागची बाजू. त्यातला एक फोटो बहिणीच्या मैत्रिणीने काढला होता आणि तोच एक चांगला आला. सभागृहातल्या रांगेत आई बसली आहे, दोन्ही हात टाळीसाठी उचललेले, डोळे पाण्याने भरलेले. तिच्या शेजारच्या खुर्चीवर निळी शाल पांघरलेली एक बाई आहे, साठीची असेल, तीही टाळ्या वाजवतेय, तोंडभर हसतेय. हा फोटो आमच्या घरी फ्रेममध्ये आहे. ती निळ्या शालीची बाई अकरा वर्षं आमच्या भिंतीवर आहे आणि ती कोण हे मी कधी विचारलं नाही.

त्या वाक्याचा अर्थ पुढे मी बराच शोधला. मग कळलं की ते माझ्यापुरतं लिहिलेलं नव्हतंच. अमेरिकेच्या १९५२च्या इमिग्रेशन कायद्यात २१४(ब) नावाचं कलम आहे. त्यानुसार पर्यटक म्हणून येऊ पाहणारा माणूस कायमचा राहायलाच येतोय असं आधी गृहीत धरायचं, आणि तसं नाही हे त्याने अधिकाऱ्याला पटवून द्यायचं. युरोपातल्या शेंगेन देशांच्या, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या देशांच्या, नकारपत्रावर कारणांची छापील यादी असते आणि त्यातल्या लागू पडणाऱ्या कारणापुढे खूण केलेली असते. मुदतीआधी परत जाण्याच्या इराद्याची खात्री न पटणं हे त्या यादीतलं एक कारण आहे. मला नाकारणारा देश कोणता हे सांगून आता काही मिळवायचं नाही. पण हे वाचल्यावर एक गोष्ट लक्षात आली आणि मग ती डोक्यातून गेली नाही. परत येण्याचा पुरावा कुणाकडेच नसतो. उद्या मी घरी येईन याचा आज काय पुरावा देणार? म्हणून ते दुसरंच काहीतरी मागतात, की तुम्ही मागे काय काय ठेवून निघालात ते दाखवा. नोकरी, घर, जोडीदार, लेकरं, खात्यातली शिल्लक. ज्याच्या मागे जेवढं जास्त, तेवढा तो खरा. सव्वीस वर्षांच्या त्या मुलीच्या मागे कागदावर दाखवण्यासारखं काहीच नव्हतं. आईच्या मागे मात्र घर होतं, पेन्शन होती. आणि मी होते. आई परत येईल याची त्यांना खात्री पटली त्याचं एक कारण मीच असणार.

आता माझ्याकडे सगळं आहे. या वेळी कागद अपलोड करताना एकेक फाइल पटापट वर जात होती. पगाराच्या पावत्या, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, ऑफिसचं रजेचं पत्र, जाण्यायेण्याचं तिकीट, राहण्याचं बुकिंग. प्रत्येकापुढे हिरवी खूण येत होती आणि प्रत्येक हिरव्या खुणेला मला बरं वाटत होतं. बरं वाटल्याचं वाईटही वाटत होतं. कारण त्या मुलीपेक्षा मी आता जास्त प्रामाणिक झालेय असं काही नाही. तीही परतच येणार होती. तिने तर परत आल्यावर घालायचे कपडे इस्त्री करून कपाटात ठेवले होते, आल्याच्या दुसऱ्या दिवशी एका मुलाखतीला जायचं होतं म्हणून. ही गोष्ट कुठल्या फाइलमध्ये लावणार?

फोटोही अपलोड करायचा होता. उभा, पांढऱ्या पार्श्वभूमीवर, पस्तीस बाय पंचेचाळीस मिलिमीटरच्या मापाचा, चेहरा समोर, तोंड मिटलेलं, हसायचं नाही. ओठ ताणले, डोळे बारीक झाले की चेहऱ्यावरची अंतरं बदलतात आणि यंत्राला तुलना करणं जड जातं, म्हणून हा नियम. बहिणीने पाठवलेला पहिला फोटो अर्जाने परत केला. ती हसली नव्हती, पण तिच्या ओठांचा कोपरा मुळातच वर वळलेला आहे. तिने चार फोटो काढले. चौथ्या फोटोत ती कुणीतरी रागावल्यासारखी दिसते आणि तोच चालला.

पासपोर्टच्या पहिल्या पानाचा स्कॅन टाकला तेव्हा तळाच्या दोन ओळी अर्जाने आपोआप वाचल्या. चव्वेचाळीस अक्षरांच्या त्या दोन ओळी, मध्येमध्ये बाणाच्या टोकांसारख्या खुणांची रांग, आपल्यासाठी नव्हे तर यंत्रासाठी छापलेल्या. त्या ओळींत एक फार सुंदर सोय आहे. पासपोर्ट नंबरानंतर एक जास्तीचा अंक असतो. नंबरातल्या एकेका अंकाला ओळीने ७, ३, १, पुन्हा ७, ३, १ असं गुणायचं, अक्षर असेल तर त्याचीही ठरलेली किंमत घ्यायची, सगळ्याची बेरीज करून तिला १० ने भागायचं, आणि उरलेली बाकी म्हणजे तो अंक. जन्मतारखेलाही असाच एक, मुदतीच्या तारखेलाही. एखादा अंक चुकीचा वाचला गेला तर बाकी जुळत नाही आणि यंत्राला कळतं. मी त्या रात्री कागदावर माझ्या नंबराचा गुणाकार करून पाहिला. बाकी जुळली. जुळल्यावर मला उगाचच भरून आलं. माणूस खरं बोलतोय की नाही याला असा शेवटचा अंक लावता येत नाही, म्हणून ती दोनशे अक्षरांची चौकट आणि म्हणूनच ती खिडकी.

व्हिसा हा शब्द लॅटिनमधला. 'कार्टा व्हिसा', म्हणजे पाहिलेला कागद. अधिकाऱ्याने कागद पाहिला, त्यावर तसं लिहिलं, की झालं. त्या शब्दाच्या मुळाशी पाहणं या अर्थाचं लॅटिन क्रियापद आहे आणि ते व संस्कृतातला विद् धातू यांचं मूळ एकच. आपले विद्या, वेद, विदित हे शब्द तिथूनच आलेले. लॅटिनमध्ये ते पाहण्यापाशी राहिलं, आपल्याकडे जाणण्यापर्यंत आलं. हे वाचलं तेव्हा मला ती खिडकी आठवली. त्या माणसाला मी तीन-चार मिनिटं दिसले होते.

आणि हे सगळं वाटतं तितकं जुनंही नाही. पहिल्या महायुद्धापूर्वी युरोपात बऱ्याच देशांतून पासपोर्ट न दाखवता फिरता येत असे. युद्धात सीमांवर पहारे बसले, हेरांची भीती आली, कागद आले. १९२० साली राष्ट्रसंघाने, म्हणजे लीग ऑफ नेशन्सने, पॅरिसला परिषद घेतली आणि पासपोर्टचा नमुना ठरवला, बत्तीस पानं, साडेपंधरा सेंटिमीटर बाय साडेदहा. पुढेमागे युद्धापूर्वीची मोकळीक परत येईल अशी आशा तेव्हा अनेकांना होती. ती आली नाही. पहारा मात्र कागदावरून स्क्रीनवर आला. ऑस्ट्रेलियाने १९९६मध्ये प्रवासाची इलेक्ट्रॉनिक परवानगी सुरू केली. २००९ पासून ज्यांना अमेरिकेचा व्हिसा लागत नाही अशा बहुतेक देशांच्या लोकांनाही निघण्याआधी ऑनलाइन मंजुरी घ्यावी लागते. श्रीलंकेने २०१२मध्ये तशी सोय आणली. भारताने परदेशी पर्यटकांसाठी ती आणली नोव्हेंबर २०१४मध्ये, मला नकार मिळाला त्याच वर्षी. जगात कुठे कुठे लोक घरबसल्या फॉर्म भरून निघायला लागले होते तेव्हा मी पाकीट फाडत होते.

काचेपलीकडचा माणूस आता बऱ्याच अर्जांतून नाहीसा झालाय. ते बरं झालं की वाईट, मला अजून ठरवता येत नाही. वाकून उभं राहावं लागत नाही, हे बरंच आहे. पण त्या दिवशी त्याने चौथा प्रश्न विचारला असता तर? चौकट चौथा प्रश्न विचारत नाही.

"अगं, त्यांना कुठे कळणार आहे?" बहीण दुसऱ्यांदा म्हणाली. तिचं चुकत नव्हतं, माझी काळजी वाटून म्हणत होती. पण कळतं. अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड हे पाच देश अर्जदारांच्या बोटांचे ठसे आपसात ताडून पाहतात. आणि लपवलेलं सापडलं तर त्याची शिक्षा मूळ नकारापेक्षा कितीतरी मोठी असते. खोटी माहिती दिल्याबद्दल कॅनडा पाच वर्षं दार बंद करू शकतो, फसवणूक ठरली तर ब्रिटन दहा वर्षं, अमेरिकेत तर जन्मभराची बंदी येऊ शकते. जुना नकार सांगितला म्हणून अर्ज आपोआप फेटाळला जात नाही. तारीख, देश, कारण आणि तेव्हापासून काय बदललं एवढं सरळ लिहावं. हे मी तिला सगळं सांगितलं आणि ती गप्प झाली. ही कारणं खरीच आहेत. तरी मी 'हो' केलं ते त्यांच्यामुळे नाही. त्या कागदात मी परत येईन यावर विश्वास नव्हता. आता मीच 'नाही' म्हटलं असतं तर तो कागद बरोबर ठरला असता.

पहिल्या खेपेला मी जे लिहिलं होतं त्यात राग होता. माझी फाइल कुणी उघडलीही नाही, असं. दुसऱ्यांदा लिहिलं त्यात विनवणी होती, की कृपया हे लक्षात घ्यावं, माझी परिस्थिती आता पूर्ण बदललेली आहे. तेही वाचवेना. बदललेल्या परिस्थितीच्या आड मी त्या मुलीला ढकलत होते, जणू तेव्हा त्यांचंच बरोबर होतं. तिसऱ्यांदा लिहिलेलं ठेवलं. लिहायचं इंग्रजीत होतं, मराठीत त्याचा अर्थ असा: २०१४मध्ये पर्यटन व्हिसा नाकारला गेला. कारण, परत येण्याची खात्री पटली नाही. तेव्हा बहिणीच्या पदवीदानाला जायचं होतं. नोकरी नव्हती. नंतर त्या देशासाठी पुन्हा अर्ज केला नाही. देशाचं नाव अर्थातच लिहिलं होतं. कोपऱ्यातल्या आकड्यावर सात अक्षरं उरली होती.

पदवीदानाचा उल्लेख लागत नव्हता. तो काढला असता तर जागा वाचली असती. मी काढला नाही.

बहीण स्क्रीनवर ते वाचत होती. बराच वेळ तिचा आवाज आला नाही, मला वाटलं कॉल तुटला. मग म्हणाली, "ताई, आम्हाला प्रत्येकी दोन पास मिळाले होते. घरच्यांसाठी."

मी म्हटलं, माहीत आहे.

"दुसरा मी देऊन टाकला. माझ्या खोलीतल्या मुलीची आजी आली होती, तिला पास कमी पडत होता. मला ती खुर्ची रिकामी बघायची नव्हती. तुला कधी सांगितलं नाही. तुझी जागा मी दुसऱ्याला दिली असं तुला वाटेल म्हणून."

निळी शाल, मी म्हटलं. ती म्हणाली, हो, तीच. आईला एक अक्षर कळत नव्हतं तिचं आणि तिला आईचं. पण आईला रडू आलं तेव्हा तिने आईचा हात धरला होता. फोटोत नाही आलं ते, आधी झालं. आईने हे मला सांगितलं नव्हतं. आईलाही तीच भीती वाटली असेल. एका नकारापायी तिघींनी मिळून एक साधी, चांगली गोष्ट अकरा वर्षं माझ्यापासून लांब ठेवली होती, आणि त्या तिघींतली एक मीच, न विचारणारी. मला त्या आजींचा हेवा वाटला, अगदी खरं सांगायचं तर. आणि मागोमाग वाटलं, बरं झालं कुणीतरी होतं तिथे.

पुढची पानं पाच मिनिटांत झाली. शेवटच्या पानावर सगळी माहिती माझ्या समजुतीप्रमाणे खरी आहे, असं लिहिलेलं होतं आणि पुढे एक छोटा चौकोन. मी खूण केली. फी भरली, पावती आली, अर्जाचा क्रमांक आला.

मग वाट पाहणं. अर्ज विचाराधीन आहे, एवढी एकच ओळ रोज तशीच. दिवसातून तीनचार वेळा मी क्रमांक टाकून बघायचे. तिसऱ्या दिवशी बहिणीच्या नावापुढे मंजूर आलं. माझ्यापुढे तीच ओळ. त्या रात्री मला झोप लागली नाही. दोन पाकिटं, एकात स्टिकर आणि एकात घडीचा कागद, हे मी डोळ्यांपुढून हटवू शकले नाही. सकाळी बहिणीने फोन केला आणि काही न विचारता म्हणाली, "तुझा नाही आला तर मी पण जाणार नाहीये. आईसारखं परत नाही." मी तिला रागावले. पण ऐकून बरं वाटलं होतं.

सहाव्या दिवशी दुपारी ऑफिसात मेल आला. जोडलेली एकच पीडीएफ. नाव, पासपोर्ट नंबर, जन्मतारीख मी अक्षर अक्षर लावून तपासलं, कारण एक अक्षर चुकलेलं असलं तरी विमानात चढू देत नाहीत. प्रवेश एकदा, मुक्काम तीस दिवसांपर्यंत. त्या दोनशे अक्षरांबद्दल कुठे काही नव्हतं. स्टिकर नाही, चमकणारी नक्षी नाही, चाचपून पाहावं असं काहीच नाही. मी तरी त्याची प्रिंट काढली. प्रिंटरमधून आलेला कागद अजून गरम होता, तो दोन्ही हातांत धरून मी थोडा वेळ तिथेच उभी राहिले. मग फोटो काढून बहिणीला पाठवला.

तिचं उत्तर लगेच आलं. आधी नुसत्या टाळ्या, ओळभर. त्याखाली लिहिलं होतं, "आता सीट निवडते. शेजारशेजारच्याच घेते गं."